हत्तीरोगाचा रात्र सर्वे: काचपट्टीवरच्या शून्यावर विश्वास कधी ठेवायचा

"दिवसा काऊन नाई येत जी? रातीच कायले पायजे रगत?" हत्तीरोगाच्या रात्र सर्वेला गेलं की पहिल्या दोन-तीन घरांतच हा प्रश्न येतो. पथकातल्या प्रत्येकाला, गाडीच्या ड्रायव्हरलासुद्धा, त्याचं नीट उत्तर देता आलं पाहिजे. लोक डॉक्टरला विचारायला संकोचतात आणि बिडी ओढताना ड्रायव्हरला विचारतात.

हत्तीरोगाचे प्रौढ जंतू माणसाच्या लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतात. आपल्याकडे ही जात जवळजवळ सगळीकडे एकच, वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. मादी रक्तात असंख्य सूक्ष्म अळ्या सोडते. या अळ्या, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत बसून राहतात आणि रात्री कातडीजवळच्या रक्तात उतरतात. रात्री दहा ते दोन हा त्यांचा भर. नालीच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डासही त्याच सुमारास चावतो. या अळ्यांची वाढ डासाच्या शरीरात होते, हे पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात दाखवलं. दिवसा अकरा वाजता त्याच माणसाचं बोट टोचलं तर रक्ताची काचपट्टी कोरी निघू शकते, आणि जंतू मात्र अंगात असतात. म्हणून काम रात्री साडेआठ-नऊला सुरू करून बारापर्यंत चालवायचं. सातलाच सुरुवात केली की पहिल्या वीस-पंचवीस पट्ट्या नुसत्या कागदापुरत्या. गावातली माणसं मात्र साडेनवाला झोपायला लागतात, त्यामुळे कामाचा खरा वेळ फार थोडा मिळतो.

हे घड्याळ झोपेशी बांधलेलं आहे. ज्याची झोपच कायमची दिवसा गेली आहे, त्याच्या रक्तातल्या अळ्यांचा क्रमही उलटतो. चंद्रपूर भागात खाणीत किंवा कारखान्यात सतत रात्रपाळी करणारा, रात्रीचा चौकीदार, अशांची नोंदवहीत वेगळी खूण करायची. त्यांची रात्रीची कोरी पट्टी इतरांच्या कोऱ्या पट्टीइतकी भरवशाची नसते.

एवढा खटाटोप कशासाठी, तर एका आकड्यासाठी. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा पट्टा हत्तीरोगाचा. देशात १९५५ पासून नियंत्रण कार्यक्रम आहे. २००४ पासून वर्षातून एकदा सामुदायिक औषधोपचार सुरू झाला, आधी फक्त डीईसी (डायइथिलकार्बामाझिन) या औषधाची गोळी, मग २००७ पासून तिच्या जोडीला अल्बेंडाझोल. २०१९ च्या जानेवारीत नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिनसह तीन औषधांची पद्धत आली. पुरेशा फेऱ्या झाल्या, प्रत्येक फेरीत एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांनी औषध गिळलं, की निवडलेल्या गावांत रात्रीचं रक्त तपासायचं. अळ्या सापडलेल्यांचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली आलं तर पुढची पायरी: सहा-सात वर्षांच्या मुलांची तपासणी. तीही पार पडली की औषध बंद. म्हणजे रात्री गल्लीत कोणी आळस केला, तर त्यातून निघालेल्या खोट्या शून्यावर एका जिल्ह्याचं औषध थांबू शकतं. कमी आकडा आला की सगळेच खूश असतात, त्यामुळे तो कसा आला हे कोणी विचारत नाही. आमच्या मते जास्त आकड्यापेक्षा कमी आकड्याची चौकशी कडक हवी.

शेवटच्या औषधफेरीनंतर किमान सहा महिने जाऊ द्यायचे. डीईसीने रक्तातल्या अळ्या झपाट्याने कमी होतात, प्रौढ जंतू मात्र सगळे मरत नाहीत. फेरीनंतर लगेच रक्त घेतलं तर आकडा सुंदर येतो आणि त्याला काडीचा अर्थ नसतो.

तारीख ठरवताना कॅलेंडरपेक्षा शेत बघावं. धानपट्ट्यात रोवण्याच्या दिवसांत माणसं इतकी थकून येतात की आठलाच आडवी होतात, आणि चिखलाने भिजून फुगलेल्या बोटाचा थेंब नीट बसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायला पहाटे अंधारातच निघायचं असतं, तेव्हा रात्री उठवलं तर शिव्या खाव्या लागतात, आणि त्या रास्तच असतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई (गावजत्रा) आणि नाटकं सुरू होतात. नाटकाच्या रात्री अख्खं गाव जागं असतं, त्यामुळे मंडपाजवळ टेबल टाकून दोन तासांत नमुने पुरे करण्याचा मोह होतो. तसं करू नये. समोर जमलेल्यांत निम्मे पाहुणे असतात, बाहेरगावचे, आणि आपल्या यादीतली म्हातारी घरीच झोपलेली असते. त्या पट्ट्या कोणत्या गावाच्या म्हणायच्या?

सगळ्यात मोठी गळती जागलीमुळे होते. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) पीक खातात म्हणून जंगलालगतच्या गावांत कर्ते पुरुष रात्री वावरात मचाणावर असतात. रब्बीत शेतीची लाइन, म्हणजे पंपाची वीज, रात्री असली की ओलिताला जावं लागतं. आपण नऊ वाजता घरी पोचतो तेव्हा बायका, लेकरं आणि म्हातारेच भेटतात. पाहणीत बहुतेकदा पुरुषांमध्ये अळ्यांचं प्रमाण थोडं जास्त आढळतं, औषधफेरीच्या दिवशीही हेच पुरुष घरी नसतात, आणि आता रक्त घ्यायलाही तेच नाहीत. औषध चुकलेला आणि तपासणी चुकलेला माणूस एकच असला की आपला आकडा पद्धतशीरपणे खाली घसरतो. नुसतं "घरी नाही" लिहून पुढच्या घरी जाणं हा यावर उपाय नाही. जागलीला जाणाऱ्यांची यादी दुपारीच करायची, शक्य असेल तर गावातलाच एक माणूस सोबत घेऊन मचाणापर्यंत जायचं, नाहीतर दुसऱ्या रात्री फक्त त्यांच्यासाठी परत यायचं. वाघाचा वावर असलेल्या भागात मचाणाकडे अजिबात जायचं नाही. तिथे पाळी बदलून ते गावात असतील ती रात्र विचारून घ्यायची. बदली म्हणून शेजारच्या घरातला मिळेल तो माणूस घेणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट वाट.

दिवसाची फेरी रात्रीच्या कामाचा निम्मा भाग आहे. आधी ग्रामपंचायत आणि पोलीस पाटलांना कळवणं, आदल्या दिवशी कोतवालाकडून दवंडी. मग आशा ताईंच्या सर्वे रजिस्टरवरून घरांची यादी. एका गावातून किमान ३०० माणसं हवी असली तर घरं रस्त्याच्या सोयीने निवडायची नाहीत. एकूण घरांना लागणाऱ्या घरांनी भागायचं, पहिलं घर चिठ्ठीने काढायचं, आणि त्यापुढे ठरलेल्या अंतराने मोजत जायचं. गावाबाहेरचा टोला, वीटभट्टीवरची कुटुंबं, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवरच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, झोपड्या या यादीत नसतातच. त्या आधी चढवून मग भागाकार करावा. तीन औषधांच्या फेऱ्यांनंतरच्या पाहणीत फक्त वीस वर्षांवरचे प्रौढ घेतात, कारण जंतू शेवटी उरतात ते बहुधा प्रौढांत.

संमतीही दिवसाच. कंदिलाच्या किंवा टॉर्चच्या उजेडात, झोपेतून उठलेल्या माणसापुढे माहितीपत्रक धरून "इथे सही करा" म्हणणं याला आम्ही संमती मानत नाही. संशोधनाचा भाग असेल तर नैतिकता समितीने मंजूर केलेलं मराठी पत्रक वाचून दाखवायचं. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या घरात ते त्या भाषेत सांगणारं माणूस हवं. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना पथकाबाहेरचा साक्षीदार हवा. घरधन्याने होकार दिला म्हणजे त्याच्या बायकोचा आला असं नाही. तिला वेगळं विचारायचं, आणि त्यासाठी पथकात एक बाई असलीच पाहिजे. रात्री फक्त एवढं विचारायचं: दुपारी सांगितलेलं आठवतं ना, अजून तयार आहात ना? पिऊन आलेल्या माणसाचं रक्त घ्यायचं नाही. तो जोरात हात पुढे करतो, हसतो, तरीही नाही.

"रगत नेऊन इकतात" ही कुजबुज बहुतेक गावांत असते. तिच्यावर चिडण्यात अर्थ नाही, हिशेब मांडावा. एका माणसाचं आपण ६० घन मिलिमीटर रक्त घेतो. रक्तपेढीची ३५० मिलिलिटरची एक पिशवी भरायची तर पाच हजार आठशेहून जास्त माणसांची बोटं टोचावी लागतील. रिकामी केशनळी हातात देऊन हे सांगितलं की म्हातारी माणसं स्वतःच हसतात.

सामानाबद्दल थोडक्यात. काचपट्ट्या नव्या असल्या तरी धुऊन, स्पिरिटने पुसून, कोरड्या करून न्यायच्या. पट्टीवर तेलकटपणा राहिला की वाळलेला थर धुताना निघून पाण्यात जातो. एकदा वापरून टाकायच्या निर्जंतुक लॅन्सेट, स्पिरिटचा कापूस आणि कोरडा कापूस वेगवेगळ्या डब्यांत, २० घन मिमीच्या खुणेच्या केशनळ्या, हातमोजे, डोक्याला बांधायचे टॉर्च. हातातला टॉर्च कामाचा नाही, दोन्ही हात मोकळे लागतात. सुयांसाठी न भोसकला जाणारा पांढरा डबा, रक्ताच्या कापसाला पिवळी पिशवी, हातमोज्यांना लाल. गल्लीत लॅन्सेट पडून राहिली आणि सकाळी लेकराच्या पायात गेली, तर त्या गावात परत पाय ठेवता येत नाही. म्हणून मोजून न्यायच्या आणि मोजून परत आणायच्या.

पथकात तिघं पुरतात: एक लिहिणारा, एक टोचणारा, आणि एक गावचं माणूस, शक्यतो आशा ताई, जिचा आवाज कुत्री ओळखतात. असं पथक एका रात्रीत पन्नास-साठ चांगल्या पट्ट्या करू शकतं. एका पथकाने एका रात्रीत दीडशे आणल्या म्हणून सांगितलं तर आधी वेळेचा रकाना बघावा. प्रत्येक पट्टीपुढे टोचल्याची वेळ लिहिलेली असेल तर सगळं तिथेच उघड होतं, आणि ती लिहिलेली नसेल तर तेही पुरेसं बोलकं आहे.

टोचायचं डाव्या हाताचं अनामिकेचं बोट. पेराच्या मधोमध टोचायचं नाही, थोडं बाजूला. तिथे दुखतं कमी आणि थेंब चांगला येतो. निंदण-कापणी करणाऱ्यांच्या बोटांना घट्टे असतात, तिथे हलक्या हाताने टोचलं तर रक्त येत नाही आणि मग दुसऱ्यांदा टोचावं लागतं. एकदाच, नेमकं टोचणं जास्त दयेचं. डिसेंबर-जानेवारीत हात गार पडलेले असतात; आधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायला सांगायचे, हात मिनिटभर खाली लोंबता ठेवायचा. स्पिरिटने पुसल्यावर बोट पूर्ण वाळू द्यायचं. ओल्या स्पिरिटवर थेंब गोल न राहता पसरतो आणि रक्तपेशी फुटतात. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाकायचा. त्यानंतर बोट पिळायचं नाही. पिळल्याने रक्ताबरोबर ऊतींमधलं पाणी येतं, नमुना पातळ होतो, आणि कमी अळ्या असलेला माणूस हातातून सुटतो. घाईत सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच.

केशनळी आडवी धरली की रक्त आपोआप चढतं. खुणेपर्यंत भरलं की पट्टीवर एक सरळ रेघ ओढायची, अशा तीन, एकमेकींना न टेकणाऱ्या. प्रत्येक रेघ २० घन मिमीची. जुन्या पद्धतीत एकच २० घन मिमीचा जाड थर घ्यायचे. तीन रेघा घेण्याचा आग्रह कशासाठी हे आकड्यांतून कळतं. समजा, एखाद्याच्या रक्तात दर मिलिलिटरला फक्त १० अळ्या आहेत. २० घन मिमीत त्याच्या वाट्याला सरासरी ०.२ अळी येते, म्हणजे शंभरातल्या सुमारे ८२ वेळा त्याची पट्टी कोरीच निघणार. ६० घन मिमी घेतलं तर हे प्रमाण ५५ वर येतं. तरीही निम्म्याहून जास्त वेळा तो निसटतोच. अनेक औषधफेऱ्या झालेल्या गावात उरलेले बाधित बहुधा असेच, कमी अळ्यांचे असतात. एक रेघ वाचवून वेळ वाचवणारा नेमकं त्यांनाच वगळतो.

क्रमांकाचा घोळ हा वेगळाच प्रकार. एखाद्या टोल्यात सगळेच मडावी, नाहीतर सगळेच आत्राम, आणि त्यात एकाच नावाचे दोन-तीन. म्हणून आधी पट्टीच्या खरखरीत टोकावर पेन्सिलने क्रमांक, मग नोंदवहीत तोच क्रमांक, मग त्या माणसाकडून त्याचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव वदवून घ्यायचं, आणि त्यानंतरच टोचायचं. आधी टोचून मग क्रमांक टाकायचा, असं केलं की रांगेतल्या दोन माणसांच्या पट्ट्या अदलाबदल होतात, आणि बाधित माणसाचं औषध त्याच्या भावजयीला मिळतं. पेनची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते, पेन्सिल राहते.

रक्त घेताना दोन गोष्टी विचारून लिहायच्या. गेल्या फेरीत गोळ्या मिळाल्या का, आणि गोळ्या गिळल्या का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मिळालेल्या गोळ्या देव्हाऱ्यामागे, पत्र्याच्या डब्यात, कॅलेंडरच्या खिळ्याला लटकलेल्या पिशवीत सापडतात. आणखी एक विचारावं: आयुष्यात कधीच घेतल्या नाहीत, असं आहे का? ज्याने एकाही फेरीत औषध घेतलं नाही, तोच पुढे वर्षानुवर्षं डासांना अळ्या पुरवत राहतो.

आता वाळवणं. पट्ट्या रात्रभर सपाट ठेवायच्या. कललेल्या पट्टीवर रक्त एका बाजूला साचतं, तिथला थर भेगाळतो आणि धुताना निघतो. मुंग्या आणि झुरळं रक्ताचा थर खातात. सकाळी पट्टीच्या मधोमध पारदर्शक रस्ते दिसले तर ते त्यांचंच काम. म्हणून ट्रेला जाळीचं झाकण, आणि ट्रेचे पाय पाण्याच्या वाट्यांत. पावसाळ्यात थर वाळतच नाही आणि दोन दिवसांत बुरशी धरते. तेव्हा पट्ट्या बंद डब्यात भरण्याआधी पंख्याखाली पुरेसा वेळ द्यायचा. लाइट जाणार हे गृहीत धरून बॅटरीचा पंखा सोबत असावा. उन्हाळ्यात याच्या अगदी उलट होतं. आपल्याकडच्या मेच्या उन्हात गाडीत राहिलेल्या पट्ट्यांचा थर उष्णतेनेच पक्का होतो, मग कितीही धुतलं तरी त्यातलं रक्तरंगद्रव्य सुटत नाही आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी चिखल दिसतो. विस्तवाशेजारी धरून वाळवण्याची युक्तीही म्हणूनच नको.

दुसऱ्या दिवशी धुणं. जाड थर मिथेनॉलमध्ये आधी कधीच बुडवायचा नाही. तसं केलं की रंगद्रव्य कायमचं बसतं. पट्टी स्वच्छ, स्थिर पाण्यात तीन ते पाच मिनिटं ठेवायची, लाल रंग उतरून थर करडा-पांढरा होईपर्यंत. नळाच्या धारेखाली धरायची नाही. हवेत वाळवायची, मग काही सेकंद मिथेनॉल, पुन्हा वाळवायची, आणि मग रंग. जिम्सा रंग एकास पन्नास पातळ करून पाऊण तास लागतो. जे.एस.बी. या दुसऱ्या रंगाने काम त्याहून फार लवकर होतं. रंग पातळ करायचं पाणी महत्त्वाचं: आम्लता (पीएच) ७.२ च्या आसपास हवी. हापशाचं किंवा बोअरचं जड पाणी वापरलं की सगळीच पट्टी एका रंगाची होते आणि वर दाणे बसतात. डिस्टिल्ड वॉटरचे कॅन तालुक्याहून न्यावेत. पट्ट्या आठवडाभर तशाच साठवून एकदम रंगवण्याची सवय प्रयोगशाळेला सोयीची, पण तोवर निम्मे थर धुता येण्यापलीकडे गेलेले असतात.

सूक्ष्मदर्शकाखाली आधी दहाच्या भिंगाने संपूर्ण रेघ बघायची, वरून खाली, मग सरकून खालून वर, एकही पट्टा न सोडता. एक अळी दिसली म्हणून थांबायचं नाही, तिन्ही रेघांतल्या मोजायच्या. वुचेरेरियाची अळी साधारण पाव मिलिमीटर लांब, सुबक गोलाईने वळलेली, भोवती आवरण, आतली केंद्रकं सुटी सुटी मोजता येतील अशी, आणि शेपटीचं टोक केंद्रकांशिवाय रिकामं. खात्री चाळीसच्या भिंगाखाली. नवशिक्याला सगळ्यात जास्त फसवतो तो कापसाचा धागा: त्याची जाडी एकसारखी नसते, टोकं तुटल्यासारखी असतात, आणि आत केंद्रकं नसतात. बुरशीचे धागे फांद्या फोडतात, अळी फोडत नाही. सलग दोन-अडीच तासांनंतर डोळा नुसता सरकत राहतो, बघत काही नाही, म्हणून मध्ये उठलंच पाहिजे. सगळ्या बाधित पट्ट्या आणि कोऱ्यांपैकी दहात एक अशा दुसऱ्या तंत्रज्ञाने, पहिल्याचा निकाल न बघता, पुन्हा वाचायच्या.

मग भागाकार. ३०० पट्ट्यांत २ बाधित म्हणजे ०.६७ टक्के, ३ बाधित म्हणजे बरोबर १, म्हणजे उत्तीर्ण नाही. सगळा निकाल एका माणसावर फिरतो. आता समजा, ३०० पट्ट्या घेतल्या, त्यांतल्या ४० मुंग्यांनी आणि पाण्याने गेल्या, वाचल्या २६०, आणि बाधित २. छेदात ३०० धरले तर ०.६७, खरे २६० धरले तर ०.७७. दोन्ही एकच्या खालीच, पण हरवलेल्या ४० मध्ये एक जरी बाधित असला तर निकाल उलटा. अहवालात म्हणून घेतलेल्या पट्ट्या, वाचता आलेल्या पट्ट्या, यादीत असून न भेटलेले लोक आणि त्यांतले पुरुष किती, हे चार आकडे टक्केवारीच्या शेजारी लिहावेत असा आमचा आग्रह असतो. वरून आलेल्या नमुन्यात ते रकाने नसले तर शेरा म्हणून लिहावेत. शेऱ्याला कोणी बंदी घातलेली नाही.

दिवसा करता येणारी चाचणीही आता आहे, फायलेरिया टेस्ट स्ट्रिप. बोटातलं ७५ घन मिमी रक्त या चाचणीपट्टीवर टाकायचं आणि बरोबर दहा मिनिटांनी वाचायचं. अर्ध्या तासाने वाचलेली पट्टी खोटी रेघ दाखवू शकते, म्हणून प्रत्येकीवर सुरुवातीची वेळ लिहायची. तिला प्रौढ जंतूचा अंश सापडतो. रक्तातल्या अळ्या गेल्यावरही तो बराच काळ राहतो. त्यामुळे तिचा होकार आला तरी अळ्या आहेत का हे बघायला रात्री बोट टोचावंच लागतं. किट पाकिटावर छापलेल्या तापमानातच ठेवायचे. उन्हात उभ्या जीपमध्ये ते तापमान राहत नाही.

गावकरी हमखास एक सूचना करतात: "त्या बुढ्याचा पाय पाहा ना, त्याचंच रगत घ्या." पाय सुजलेल्या माणसाच्या रक्तात बहुधा अळ्या सापडत नाहीत. त्याचा आजार जुन्या जंतूंनी लसिकावाहिन्यांचं जे नुकसान केलं त्याचा असतो. ज्याच्या रक्तात अळ्या असतात तो बहुतेकदा धडधाकट दिसतो, वखर हाकतो, कबड्डी खेळतो. म्हणून "मले काई झालं नाई" म्हणणाऱ्याचंच रक्त जास्त मोलाचं. सुजलेल्या पायाच्या बाबांना मात्र रिकाम्या हाताने सोडायचं नाही. रोज साबण-पाण्याने पाय धुणं, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करणं, भेगांना मलम, बसताना पाय उंच ठेवणं. याने ताप-लालीचे झटके कमी होतात. अंडवृद्धी असेल तर शस्त्रक्रियेसाठी नाव नोंदवायचं. ते लाजून सांगत नाहीत, पुरुष कर्मचाऱ्याने एकटं गाठून विचारावं लागतं.

बाधितांना निकाल त्यांच्याच घरात, एकटं बसून सांगायचा. गावाच्या चौकात यादी वाचली की पुढच्या सर्वेला कोणी हात पुढे करत नाही. उपचार डीईसी, दर किलो वजनाला ६ मिलिग्रॅम, रोज जेवणानंतर, १२ दिवस. पन्नास किलोच्या माणसाला १०० मिलिग्रॅमच्या रोज तीन गोळ्या, एकूण छत्तीस. गरोदर बाईला द्यायची नाही. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ताप, डोकेदुखी, अंगदुखी होते, कारण अळ्या मरत असतात. हे आधी सांगितलं नसेल तर तिसऱ्या दिवशीच्या गोळ्या उकिरड्यावर जातात. बारा दिवसांचं पाकीट एकदम हातात देण्यापेक्षा आशा ताईंनी रोज समोर गिळायला लावावं. कापूस वेचायला किंवा कापणीला बाहेरगावी जाणाऱ्या माणसाला परत येण्याची तारीख विचारून मगच औषध सुरू करावं. आणि उपचारानंतरची तपासणी पुन्हा रात्रीच, नऊ ते बाराच्या दरम्यान, त्याच्या घरी. "उद्या सकाळी उपकेंद्रात या" असं सांगून घेतलेलं रक्त तपासून काहीच कळत नाही.